मोठेपणी भाजी खायला शिकणे

वयाच्या 34व्या वर्षापर्यंत माझे जेवण वरण-भात, पोळी, बटाट्याच्या काचऱ्या, दही, दाण्याची चटणी आणि चहाबरोबरची बिस्किटे एवढ्यावर चालत असे. पोह्यांतला कांदा मी वेचून बाजूला काढत असे, आमटीतला टोमॅटो वाटीच्या कडेला सारत असे आणि लग्नाच्या पंगतीत अळूची भाजी वाढणारा जवळ आला की पानावर हात आडवा धरत असे. त्या वर्षी रक्ताच्या एका साध्या तपासणीत हिमोग्लोबिन आणि बी-12 जीवनसत्त्व अशी दोन्ही कमी निघाली, तेव्हा डॉक्टरांनी दूध-दही वाढवण्यास सांगितले, गोळ्या लिहून दिल्या आणि पालेभाज्या, फळे व कडधान्ये खात जाण्याचा सल्ला दिला. सल्ला बरोबरच होता. पण मेथीचे पान जिभेला लागताच ज्याला उमासे येतात त्याने तो अमलात कसा आणायचा, हे मला कुठेच नीट समजावून सांगितलेले मिळाले नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत वाचून, आहारतज्ज्ञांना विचारून आणि स्वतः कढईपुढे उभे राहून जे उमगले ते येथे मांडतो आहे.

मोठ्या माणसालाही नावडता पदार्थ खायला शिकता येतो. मात्र तो शिकायचा आवडत्या पदार्थाचे बोट धरून, एका वेळी एकच गोष्ट बदलून आणि कोणाच्याही जबरदस्तीशिवाय. या तिन्ही अटींमागे कारणे आहेत, आणि ती कळली की नेमके काय करायचे ते आपोआप स्पष्ट होत जाते.

सर्वप्रथम, ही नावड येते कुठून? आपल्याकडे तिला सरसकट ‘नखरे’ म्हणतात आणि लहानपणी लाड झाले म्हणून ती राहिली असे मानतात. लाडांचा वाटा अगदीच नसतो असे नाही, पण तो वाटतो त्याहून बराच लहान आहे. लंडनमधील संशोधकांनी 8 ते 11 वर्षे वयाच्या 5,390 जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास करून 2007 साली जो निष्कर्ष मांडला, त्यानुसार अनोळखी अन्न टाळण्याच्या वृत्तीत मुलामुलांत जो फरक दिसतो त्यातला सुमारे 78 टक्के आनुवंशिक असतो. एकाच घरात, एकाच आईच्या हातचे जेवून मोठ्या झालेल्या दोन भावांपैकी एक कारले मिटक्या मारत खातो आणि दुसरा ताटावरून उठतो, यामागे बहुधा हेच कारण असते. अर्थात आनुवंशिक म्हणजे कपाळावर कायमचे लिहिलेले असे कोणी समजू नये. उंचीदेखील मोठ्या प्रमाणावर आनुवंशिकच असते, तरी सकस आहार मिळालेली पिढी आधीच्या पिढीपेक्षा उंच होते.

कडू चवीबाबत तर माणसामाणसांतला फरक अगदी स्पष्टपणे दाखवता येतो. 1931 साली अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हे रसायनशास्त्रज्ञ फिनाइलथायोकार्बामाइड नावाची भुकटी हाताळत असताना ती थोडी हवेत उडाली. जवळच काम करणाऱ्या सहकाऱ्याने ती फार कडू लागते अशी तक्रार केली. फॉक्स यांना मात्र काहीच चव लागत नव्हती. पुढे अनेकांना ती चाखायला दिल्यावर असे दिसून आले की काहींना हा पदार्थ असह्य कडू लागतो, तर काहींना तो खडूच्या पुडीसारखा बेचव वाटतो. हा फरक घडवणारे जनुक 2003 साली निश्चितपणे सापडले. कोबी, फ्लॉवर, मुळा, नवलकोल आणि मोहरीची पाने या एकाच कुळातल्या भाज्यांत त्या भुकटीशी रासायनिक साम्य असलेली द्रव्ये तयार होतात. त्यामुळे ज्याची जीभ या बाबतीत तीक्ष्ण आहे त्याला मुळ्याची भाजी खरोखरच शेजारी बसलेल्यापेक्षा जास्त कडवट लागते. एकाच पातेल्यातली भाजी दोघांच्या पानात वाढली तरी दोघे वेगवेगळी चव खात असतात. ‘इतके काही कडू नाही ते’ हे वाक्य त्यामुळे बोलणाऱ्यापुरतेच खरे असते. कोथिंबिरीचेही तसेच आहे. काही लोकांना तिचा वास साबणासारखा येतो आणि त्याचा संबंध वासाच्या एका जनुकाशी असल्याचे आढळले आहे.

माझ्या मते यापेक्षाही अडचणीची गोष्ट म्हणजे पोत, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. भेंडीची बुळबुळ, वांग्याचा गिळगिळीतपणा, शिजलेल्या टोमॅटोची सुटलेली साल, मऊ भातात अचानक दाताखाली येणारा करकरीत कांदा यांतले काहीच चवीला वाईट नसते, तरी घशाशी येते. तोंडातल्या या स्पर्शामुळे काही जणांना खरोखर ओकारी येते आणि ती त्यांना ठरवून थांबवता येत नाही. याला जोडूनच दुसरी एक बाब लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे खात्री. बिस्किटाचा पुडा सोलापुरात घेतला काय किंवा सिंगापुरात घेतला काय, प्रत्येक बिस्कीट आधीच्या बिस्किटासारखेच लागते. वांग्याचे तसे नसते. एक कोवळे निघते, एक बियांनी भरलेले, एक तुरट. द्राक्षाच्या एकाच घडात एक मणी गोड आणि पुढचा आंबट असतो. ज्याला अनपेक्षित चवीची भीती वाटते तो साहजिकच पांढऱ्या-पिवळ्या, कुरकुरीत, नेहमी सारख्याच लागणाऱ्या पदार्थांकडे वळतो, आणि नेमक्या त्याच पदार्थांत मैदा, साखर, मीठ आणि तेल यांचा भरणा असतो.

आणखी एक कारण म्हणजे आठवण. एखादा पदार्थ खाल्ल्यानंतर एकदा जरी उलटी झाली तरी तो पदार्थ वर्षानुवर्षे नकोसा होतो, मग उलटीचे खरे कारण ताप असो वा गाडीचा घाट. जबरदस्तीचीही अशीच आठवण राहते. अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणच्या सक्तीच्या खाण्याबद्दल विचारून 2002 साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात अशी सक्ती झालेल्यांपैकी 72 टक्के जणांनी तो पदार्थ आजही आपणहून खाणार नाही असे सांगितले. पान स्वच्छ होईपर्यंत मुलाला बसवून ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, परंतु मुलाच्या डोक्यात भाजीच्या चवीबरोबर त्या संध्याकाळचे रडणेही कायमचे साठवले जाते.

आता यात बिघडते काय, हा प्रश्न. वजन योग्य आहे, कामाला जाता येते, मग बटाट्यावर आयुष्य काढले तर काय झाले? इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी 2019 साली एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. प्राथमिक शाळेपासून तो तळलेला बटाटा, वेफर्स, पांढरा ब्रेड आणि थोडे प्रक्रिया केलेले मांस एवढेच खात आला होता. उंची-वजन अगदी सर्वसाधारण होते, म्हणून कोणाला शंका आली नाही. 14व्या वर्षी थकवा आला आणि बी-12 कमी निघाले, पण उपचार पुढे नियमित चालू राहिले नाहीत. 17व्या वर्षापर्यंत डोळ्यांच्या मज्जातंतूंची हानी होऊन त्याची दृष्टी कायमची अधू झाली. असे क्वचितच घडते आणि कोणाला घाबरवण्यासाठी मी ते सांगत नाही. त्यातून घ्यायची गोष्ट इतकीच की वजनकाटा आहाराचा निम्माच हिशेब सांगतो.

उरलेला निम्मा हिशेब समजण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेली भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे उपयोगी पडतात. दिवसाला 2,000 कॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी त्यात सुमारे 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस-मासे, 300 मिलिलिटर दूध वा दही, 35 ग्रॅम दाणे आणि तेलबिया, 27 ग्रॅम तेल-तूप, 100 ग्रॅम फळे आणि तब्बल 400 ग्रॅम भाज्या सुचवल्या आहेत. चोखंदळ माणसाची नजर थेट त्या 400 ग्रॅमवर जाते आणि तो कागद मिटवून ठेवतो. तसे करू नये. या यादीतल्या इतर ओळी पाहिल्या तर त्यांतल्या बऱ्याच आपल्या आवडीच्या पदार्थांतूनच पुऱ्या करता येतात, आणि सुरुवात तेथूनच करावी असे माझे ठाम मत आहे. एकाही नव्या भाजीला हात न लावता पहिल्या दोन महिन्यांत बरेच काही सुधारता येते.

माझ्याच यादीचे उदाहरण घेतो. वरण मी खात होतोच, पण ते पाण्यासारखे पातळ आणि पळीभर. ते घट्ट करून वाटीभर घेऊ लागलो. पोळीच्या कणकेत आधी चमचाभर आणि हळूहळू मूठभर नाचणीचे पीठ मिसळले. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर तेवढ्याच दुधात साधारण 120. दही वाढवले, कारण शाकाहारी माणसाला बी-12 दूध-दही-ताकातूनच मिळते. भाज्या, फळे आणि डाळींत ते नसते, आणि कमतरता मोठी असेल तर केवळ दह्याने ती भरून येत नाही, डॉक्टरांनी दिलेले औषधच घ्यावे लागते. वरणावर लिंबू पिळू लागलो आणि जेवणाला लागून घेतला जाणारा चहा तासभर पुढे ढकलला, कारण डाळी-धान्यांतले लोह शोषले जाण्यास लिंबातले सी जीवनसत्त्व मदत करते आणि चहातली द्रव्ये अडथळा आणतात. यांतल्या कोणत्याच बदलासाठी मला धैर्य गोळा करावे लागले नाही.

आणि चटण्या. महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात चोखंदळ माणसासाठी जर काही वरदान असेल तर ते कोरड्या चटण्यांचे आहे, असे मी मनापासून म्हणतो. जवस, कारळे, तीळ, सुके खोबरे, कढीलिंब यांच्या चटण्या कोरड्या असतात, खमंग असतात आणि एकदा कुटून बरणीत भरल्या की पंधरा दिवस रोज अगदी तशाच लागतात, म्हणजे बिस्किटातली ती खात्री येथेही मिळते. दाण्याच्या चटणीवरून तिळाच्या चटणीवर जाणे ही फार लहान उडी आहे. मी आयुष्यात आपणहून खाल्लेली पहिली हिरवी भाजी म्हणजे दोडक्याच्या शिरांची चटणी. शिरा बारीक चिरून, थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतून, त्यात तीळ, सुके खोबरे, लाल तिखट आणि मीठ घातलेली. तिच्यात बुळबुळ नव्हती, पाणी नव्हते आणि वासही ओळखीचाच होता.

यालाच मी आवडत्या पदार्थाचे बोट धरणे म्हणतो. प्रत्येक पदार्थाला चव, वास, पोत, रंग आणि तापमान अशी अंगे असतात. एकाच वेळी ती सगळी बदलली तर जिभेला तो पदार्थ परका वाटतो. चार तीच ठेवून पाचवे बदलले तर ती फारशी तक्रार करत नाही. म्हणून आधी आपण जे खातो त्याची प्रामाणिक यादी करावी आणि त्यात समान काय आहे ते पाहावे. माझ्या यादीत कुरकुरीत किंवा एकजीव असे दोनच पोत होते, मधले काही नव्हते. ते कळल्यावर वाट सापडली. काचऱ्या आवडत होत्या, म्हणून तशाच पातळ चकत्या सुरणाच्या केल्या. चिंचेच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून, हळद-तिखट-मीठ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. सुरण चवीला बटाट्याच्या जवळचे, त्यामुळे फार कष्ट पडले नाहीत. नंतर कच्च्या केळ्याचे काप, मग लाल भोपळ्याचे आणि सर्वांत शेवटी वांग्याचे. कोकणात आणि गोव्यात नीरफणसाचे काप करतात, तेही याच रांगेत बसतात.

वांग्यापाशी मात्र अडले. वरून रव्याचे कुरकुरीत आवरण, पण दात आत गेला की तोच मऊ गर. तेव्हा वांगी इतकी पातळ चिरली की गर जवळजवळ उरूच नये, आणि जवळपास दोन महिने आठवड्यातून दोनदा तशीच खाल्ली. मग चकतीची जाडी थोडी थोडी वाढवत नेली. जाडीशिवाय काहीही बदलायचे नाही हा नियम कटाक्षाने पाळला: तोच तवा, तोच रवा, तेच तिखट. बोटाएवढी जाड चकती ज्या दिवशी काही न वाटता खाल्ली, त्यानंतर भरीत फार दूर राहिले नाही. रोज काप खाणे तेलाच्या दृष्टीने बरोबर नाही हे खरे आहे. पण येथे काप हे वांग्यापर्यंत नेणारी पायरी आहेत, आणि पायरीवर कोणी कायमचे राहत नाही.

ही सवय किती वेळा चाखल्यावर लागते? लहान मुलांवरच्या अभ्यासांत साधारण 8 ते 15 वेळा चव घेतल्यावर नावडता पदार्थ स्वीकारला जाऊ लागल्याचे दिसले आहे. मोठ्यांनी आपल्यासाठी याहून कमी अपेक्षा धरू नये. आपण बहुतेक जण दोनदा खाऊन पाहतो आणि ‘मला नाही आवडत’ असा कायमचा निकाल देऊन टाकतो. यासाठी पानाची डावी बाजू अगदी योग्य जागा आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे असे सगळे तेथे वाढण्याची पद्धत आहे आणि त्या बाजूला कोणताच पदार्थ वाटीभर येत नाही, चमचाभरच येतो. नवा पदार्थ तेथे चमचाभर घ्यावा. एक दिवसाआड घेतला तर महिन्याभरात पंधरा वेळा होतो. काकडीची कोशिंबीर त्यासाठी उत्तम, कारण दही आणि दाण्याचा कूट हे दोन ओळखीचे सोबती काकडीला सांभाळून घेतात. पुढे त्याच कोशिंबिरीत काकडीऐवजी किसलेले गाजर, मग अगदी बारीक चिरलेला कोबी. चमचा खाऊन झाल्यावर स्वतःला ‘आवडले का’ असे विचारू नये. मागच्या वेळेपेक्षा सोपे गेले का, एवढेच विचारावे. चांगली भूक लागलेली असताना, म्हणजे जेवणाच्या सुरुवातीलाच, हा चमचा घ्यावा. बरे वाटत नसेल, प्रवास असेल किंवा पाहुण्यांसमोर बसलेले असाल तर त्या दिवशी तो सोडून द्यावा.

नावडत्या भाजीची रीत बदलूनही पुष्कळ फरक पडतो आणि त्यामागे साधे रसायनशास्त्र आहे. भेंडीची बुळबुळ म्हणजे पाण्यात फुगणारे चिकट द्रव्य. म्हणून भेंडी धुऊन पूर्ण कोरडी पुसावी, मगच चिरावी, मोठ्या आचेवर पसरट कढईत झाकण न ठेवता परतावी, मीठ शेवटी घालावे आणि दोन आमसुले किंवा थोडे लिंबू घालावे. आंबटाने चिकटपणा तुटतो. झाकण ठेवले की वाफेचे पाणी भाजीत परत पडते आणि सगळी मेहनत वाया जाते. कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून अर्धा तास ठेवले की कडू रस बाहेर येतो आणि तो घट्ट पिळून टाकता येतो, हे प्रत्येक घरात माहीत असते. पण मिठाचे दुसरेही एक काम आहे. मिठातले सोडियम जिभेवर कडू चवीची जाणीवच दाबते, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील संशोधकांनी 1997 साली दाखवून दिले. त्यावर चिंच-गुळाची आंबटगोड चव आली की कडूपणा आणखी मागे सरतो. कारल्यात गूळ घालणे, मेथीत डाळीचे पीठ पेरणे किंवा पातळ भाजीत ताक लावणे ही पळवाट आहे असे कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. मीठ फक्त बेताने असावे, दिवसभरात सगळे मिळून 5 ग्रॅमच्या आत. कोबी आणि फ्लॉवर जितके जास्त वेळ शिजतात तितका त्यांचा गंधकाचा उग्र वास वाढतो, म्हणून कोबी बारीक चिरून मोठ्या आचेवर थोडाच वेळ परतावा. मासे खाणाऱ्यांच्या घरी माशाला आगळ किंवा लिंबू लावून ठेवतात, त्यामागेही असेच कारण आहे. आंबटामुळे माशाच्या वासाचे द्रव्य हवेत कमी उडते.

भाज्या लपवून खाव्यात का, हे अनेक जण विचारतात. थालीपिठात दुधीचा कीस, कणकेत वाटलेला पालक, वरणात शिजून विरघळलेला लाल भोपळा यांमुळे पोषण निश्चित मिळते आणि मी आजही ते करतो. पण जीभ ज्याला ओळखत नाही त्याची तिला सवयही होत नाही. त्यामुळे लपवलेली भाजी पोटासाठी आणि डाव्या बाजूचा दिसणारा चमचा जिभेसाठी, अशी दोन्ही कामे बरोबरीने चालू ठेवावीत. मात्र दुसऱ्या मोठ्या माणसाच्या ताटात त्याला न सांगता काहीही लपवू नये. एकदा जरी ते उघड झाले तरी तो वरणाकडेही संशयाने पाहू लागतो आणि त्याच्या यादीतला एक भरवशाचा पदार्थ नाहीसा होतो.

जिभेचे ऐकायचे प्रसंगही आहेत आणि ते स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. वनस्पतींतली अनेक विषे कडू असतात, म्हणूनच तर कडू चवीबद्दल शरीर इतके सावध असते. दुधी भोपळा किंवा काकडी कडू लागली तर ती थुंकून टाकावी आणि उरलेलीही फेकून द्यावी. त्यातले कडू द्रव्य विषारी असते, शिजवून ते जात नाही, आणि कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात मृत्यूही झालेले आहेत. चिरण्यापूर्वी एक तुकडा चाखण्याची आजीची रीत म्हणूनच सोडू नये. अळू आणि सुरण यांनी घसा खवखवतो तो त्यांच्यातल्या सुईसारख्या अतिसूक्ष्म स्फटिकांमुळे. नीट शिजवणे आणि चिंच-आमसूल घालणे हा त्यावरचा उपाय आहे. एखाद्या पदार्थाने दर वेळी ओठ सुजत असतील, अंगावर गांधी उठत असतील किंवा श्वास लागत असेल, तर ती नावड नव्हे, ॲलर्जी आहे आणि तेथे चमचाभर चाखण्याचा प्रयोग अजिबात करू नये.

काहींचा त्रास याहून खोल असतो. खाण्याची यादी वर्षागणिक आखडत चालली आहे, वजन उतरते आहे, रक्तात कमतरता आढळत आहेत, गुदमरण्याच्या किंवा उलटीच्या भीतीने घास गिळवत नाही, चारचौघांत जेवण्याचे प्रसंग टाळले जात आहेत, अशी लक्षणे असतील तर तो एक मान्यताप्राप्त आजार असू शकतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली आपल्या निदानग्रंथात त्याला स्वतंत्र स्थान दिले. त्याचा बारीक होण्याच्या हौसेशी संबंध नसतो. तो मोठ्या माणसांतही आढळतो, स्वमग्न व्यक्तींमध्ये अधिक आढळतो, आणि त्यासाठी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून केलेले उपचार लागतात. अशा माणसाला या लेखातल्या युक्त्या पुरणार नाहीत, आणि त्या पुरल्या नाहीत म्हणून त्याने स्वतःला दोषही देऊ नये.

घरच्यांसाठी दोन शब्द. ताटात वाढण्यापूर्वी ‘वाढू का?’ असे विचारावे आणि ‘नको’ म्हटल्यावर दुसऱ्यांदा आग्रह करू नये. खाल्ल्यावर ‘बघा, आज याने भाजी खाल्ली’ असे कौतुकही सर्वांसमोर करू नये, कारण नजरा ताटावर खिळल्या की घास जड होतो. आपला माणूस काही न बोलता डाव्या बाजूला चमचाभर कोशिंबीर घेत असेल तर ती वाटी त्याच्या हाताशी राहील एवढे पाहावे. माझ्या घरी तेवढेच केले गेले आणि त्याचे मोल मला फार आहे.

आज मी दोडका, सुरण, लाल भोपळा, वांगे, गाजर, काकडी, कोबी आणि वरणातला पालक खातो. मेथी अजून जमत नाही. अळूच्या पातळ भाजीचा पोत अजूनही सोसत नाही, म्हणून गेल्या महिन्यापासून अळूवडी सुरू केली आहे: पातळ कापलेली, दोन्ही बाजूंनी खरपूस तळलेली, जेवणाच्या सुरुवातीला एक. आतापर्यंत सहा वेळा झाली.